शाळेचा हादगा यंदा कधी बसवायचा? (बेळगावकडचे पालक, माजी विद्यार्थी, गुरुजी, सगळ्यांना विचारणे)

तांबडी_माती | ९ सप्टेंबर २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी बेळगाव तालुक्यातल्या पश्चिमेकडच्या एका गावचा. नाव घालत नाही, कारण आमच्या गावचे दोघेतिघे इथं वाचतात आणि उद्या सकाळी डेअरीवर दूध घालताना मला उत्तरं देत बसावं लागेल. पोरगी चौथीत, पोरगा पहिलीत, दोघंही गावच्या सरकारी पूर्ण प्राथमिक मराठी शाळेत. यंदा मला एसडीएमसीवर घेतलंय. म्हणजे शाळेच्या समितीवर. आतापर्यंत काम एकच झालं, कंपाउंडवरून उड्या मारणारी गुरं हाकलणे.

तर अडचण अशी. आमच्या शाळेत पूर्वी हादगा व्हायचा. भिंतीवर समोरासमोर सोंड उचललेल्या दोन हत्तींचं चित्र, त्यावर फळाफुलांच्या माळा, पोरींचा फेर आणि शेवटी खिरापत. करोनाच्या दोन वर्षांत बंद पडला तो पडलाच. यंदा बायांनी (म्हणजे शिक्षिकांनी) आणि मी मिळून परत बसवायचं ठरवलं. मग कॅलेंडर काढलं आणि तिथंच गाडी अडली.

सूर्य हस्तात जातो २७ सप्टेंबरला. हादगा तेव्हापासून सोळा दिवस. आमची दसऱ्याची सुट्टी लागते २० सप्टेंबरला आणि शाळा भरते ८ ऑक्टोबरला. म्हणजे हादग्याचे पहिले अकरा दिवस शाळेला कुलूप. सुट्टीच्या आधी घालावा म्हटलं तर तो आठवडा पितृपंधरवड्यात. आमच्या आईनं नुसतं ऐकलं आणि म्हणाली, "पितरांच्या ताटाशेजारी हत्ती नाचवूलालास काय?" विषय बंद.

दुसरी गोष्ट किल्ल्याची. दिवाळीला शाळेच्या मैदानात सगळ्या पोरांचा मिळून एकच मोठा किल्ला करायचा माझा विचार आहे. पण आपल्याकडे दिवाळीला सुट्टी असते तरी किती? दोन-तीन दिवस. किल्ला वाळायच्या आत घंटा.

तुमच्याकडच्या शाळा हे कसं जमवतात?

---

निपाणीकर_नाना | ९ सप्टेंबर, रात्री १०:१५

आधी पट किती ते सांगा. पोरी किती आहेत? फेर धरायला आठ तरी लागतात.

---

तांबडी_माती | ९ सप्टेंबर, रात्री १०:२२

नाना, पहिली ते सातवी मिळून ४७. त्यातल्या पोरी २६. फेर दोन होतील, काळजी नसावी. :)

---

खिरापत_ओळखा | १० सप्टेंबर, सकाळी ११:०५

दादा, धागा वाचून आधी हसले, मग पोटात कालवलं. मी पुण्यात असते, माहेर उचगावकडचं. आमच्या वेळी शाळेतला हादगा सोळा दिवस कधीच झाला नाही. सुट्टीच्या आधी दोन-तीन दिवस आणि उरला तर सुट्टीनंतर एक दिवस, असं काहीतरी तोडूनमोडून व्हायचं. खरा हादगा व्हायचा गल्लीत. पहिल्या दिवशी एक गाणं, एक खिरापत. दुसऱ्या दिवशी दोन. असं करत सोळाव्या दिवशी सोळा गाणी आणि सोळा डबे! डबा हलवून आवाजावरून ओळखायचं. माझी आजी डब्यात खिरापतीबरोबर दोन चिंचोके टाकायची, लोकांना फसवायला.

पितृपंधरवड्याबद्दल तुमच्या आईंचं बरोबर आहे. त्यांना दुखवून करू नका. ज्या बायका गाणी सांगणार त्याच रुसून बसल्या तर चित्राला घेऊन काय करायचं?

---

पाटी_पेन्सिल | १० सप्टेंबर, दुपारी ४:३०

खानापूर तालुक्यातल्या शाळांत तेहतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालो. थोडं सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

कर्नाटकात पहिलं सत्र दसऱ्याला संपतं. त्याआधी एसए-वन परीक्षा, पेपर तपासणी, गुणांची नोंद. शिक्षकाचा सप्टेंबर त्यातच जातो. त्यातच प्रतिभा कारंजीच्या स्पर्धा येतात, आधी शाळेत, मग क्लस्टरला, पुढं तालुक्याला. कंठपाठ, गोष्ट सांगणे, वेषभूषा, मातीकाम. आमच्या खेड्यातली पोरं कन्नड कंठपाठात मागं पडायची, पण मातीकामात त्यांना हात धरणारा कोणी नव्हता. खानापूरच्या मातीवर वाढलेली पोरं ती, कुंभाराचं चाक बघतच मोठी होतात. एका पोरानं बैलजोडी केली होती, बैलाच्या कासऱ्याची गाठसुद्धा मातीत उतरवली होती. परीक्षकांनी ती बोट लावून बघितली, खरी दोरी आहे की काय म्हणून.

सांगायचा मुद्दा, शिक्षकांकडून सप्टेंबरात हादग्याची अपेक्षा ठेवू नका. मनात असलं तरी त्यांच्या हातात वेळ नसतो. यंदा तर २२ सप्टेंबरपासून सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षण आहे आणि ते शिक्षकच करणार. सुट्टी पोरांना, गुरुजींना नाही.

माझं मत, हादगा शाळेच्या भिंतीला नको. देवळाच्या आवारात बसवा, नाव शाळेचं राहू द्या. पोरी त्याच, गाव तेच.

---

शहापूरची_सून | १० सप्टेंबर, संध्या. ७:५०

गुरुजींना +१. आमच्याकडे शहरात उलटं आहे. मुलगी इंग्रजी माध्यमात. तिथं हादग्याचा 'इव्हेंट' एका शनिवारी पाऊण तास. स्पीकरवर गाणी, मुली हातातल्या कागदावरचे शब्द बघतायत आणि खिरापत म्हणून बिस्किटाचे पुडे. पुड्यावर नाव छापलेलं. ओळखायचं काय?

---

निपाणीकर_नाना | १० सप्टेंबर, रात्री ८:१०

मुलगी इंग्रजी माध्यमात आणि खंत हादग्याची. चालू द्या.

---

शहापूरची_सून | १० सप्टेंबर, रात्री ८:१८

नाना, घराजवळच्या मराठी शाळेत दोन वर्गांना मिळून एकच शिक्षक आहेत, त्यातही अर्धा वेळ कार्यालयाचे कागद. मी दोन महिने मुलीला तिथं बसवून बघितलं आहे. खंत करायचा हक्क आहे मला.

---

चंदगडी_फणस | ११ सप्टेंबर, सकाळी ७:००

सीमेपलीकडून हजेरी. आमच्या पोरांना दिवाळीला दोन आठवडे सुट्टी. दरवर्षी बेळगावच्या मावशीकडे जातात आणि मावशीची पोरं शाळेत. मग माझा मोठा मावशीच्या अंगणात एकटाच किल्ला करत बसतो आणि संध्याकाळी मावसभाऊ दप्तर टाकून येतो तेव्हा बुरूज झालेले असतात. दरवर्षी भांडण. दसऱ्याला उलटं, ती पोरं आमच्याकडे येतात आणि आमची शाळा चालू. मधे पंचवीस-तीस किलोमीटर अंतर, पण पोरांच्या सुट्ट्या काही एका जागी येत नाहीत.

किल्ल्याबद्दल एक टीप: नाचणी आणि मोहरी चार-पाच दिवस आधी पेरा. अळीव लवकर उगवतो पण लवकर मानही टाकतो. आणि रायगडच करायला पाहिजे असं काही नाही हां. आमच्याकडे पारगड, कलानिधीगड, महिपालगड. तुमच्याकडे राजहंसगड दिसतो ना शाळेतून?

---

तांबडी_माती | ११ सप्टेंबर, रात्री ९:००

दिसतो! सातवीच्या खिडकीतून पाऊस नसेल तेव्हा स्पष्ट दिसतो. हे सुचलंच नव्हतं.

आणि किल्ल्याचा हट्ट का, तेही सांगतो. माझ्या मामेभावाची पोरगी कोल्हापूरला चौथीत. तिला चौथीला शिवाजी महाराजांचा इतिहास आहे. आमच्या पोरीला पाचवीपर्यंत परिसर अध्ययन, समाजविज्ञान सहावीपासून. पुस्तकं मराठीत, पण अभ्यासक्रम कर्नाटकचा, ते साहजिकच आहे, तक्रार नाही. पण गेल्या मे महिन्यात दोघी गप्पा मारत होत्या तेव्हा ती म्हणाली, "तुला सिंहगड माहीत नाही?" आमची गप्प. मी दाराआड उभा होतो. किल्ला हा आमच्या पोरांचा इतिहासाचा तास आहे, एवढंच.

---

पाटी_पेन्सिल | ११ सप्टेंबर, रात्री ९:३५

राजहंसगड करताना पोरांना स्वतः चढवून आणा एकदा. बुरूज मोजायला लावा, तट पावलांनी मोजायला लावा. मग पुढल्या वर्षी बेळगावचा भुईकोट. तो रट्टांच्या काळात बिचिराजानं १२०४ साली बांधला, आत कमल बस्ती (जैन मंदिर) आहे, खंदक आहे. खंदकात पाणी भरायला पोरांना फार आवडतं. आमच्या खानापूरच्या जंगलातला भीमगडही आहे, पण तिथं परवानगी लागते आणि अस्वलांना कुणी परवानगी विचारत नाही.

---

रताळी_घ्या_रताळी | १२ सप्टेंबर, सकाळी ६:१०

सगळं छान आहे. पण नवरात्रात आमच्याकडं रताळ्याची काढणी. उपासाला सगळीकडून मागणी, माल दिल्ली-आग्र्यापर्यंत जातो. बेळगाव मार्केटयार्डात पोती उतरवायला माणूस मिळत नाही. पोरं शेतात रताळी वेचूलालीत आणि तुम्ही हादगा म्हणूलालात. संध्याकाळी ठेवा, पाचनंतर. नाहीतर कोणी येणार नाही.

---

खिरापत_ओळखा | १२ सप्टेंबर, सकाळी ९:४०

ही सूचना सगळ्यांत कामाची. खिरापत उकडलेल्या रताळ्याची ठेवली तर दोन्ही कामं होतील.

---

संपादक | १२ सप्टेंबर, दुपारी १:००

सीमाप्रश्नावर भांडणारे तीन प्रतिसाद उडवले आहेत. त्यासाठी दुसरे भरपूर धागे आहेत. इथं हादगा आणि किल्ला.

---

तांबडी_माती | २१ सप्टेंबर, रात्री १०:३०

ठरलं: लक्ष्मीच्या देवळाचं आवार, २७ पासून, रोज संध्याकाळी साडेपाच. एका दिवसाची खिरापत एका घराकडं. सोळा घरं लिहून घेतली. सातवं घर आमच्या गावच्या कन्नड बोलणाऱ्या अज्जीचं, त्यांनी स्वतःहून नाव दिलं.

अडचण गाण्यांची. आमच्या आईला आणि तिच्या मैत्रिणींना धरून अकराच गाणी निघाली. पाच कमी पडतायत.

---

पाटी_पेन्सिल | २१ सप्टेंबर, रात्री ११:००

माझ्या पत्नीला फोन करा, नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवला आहे. दुपारी तीननंतर. आधी केलात तर झोपमोड होईल आणि मग गाणी नाहीत, दुसरंच काहीतरी ऐकावं लागेल.

---

तांबडी_माती | ८ ऑक्टोबर, सकाळी ८:१५

मंडळी, गंमत बघा. शाळा आज भरायची होती. काल आदेश आला, सर्वेक्षण पूर्ण न झाल्यामुळे सरकारी आणि अनुदानित शाळांची सुट्टी १८ ऑक्टोबरपर्यंत वाढवली. आज हादग्याचा बारावा दिवस. म्हणजे सोळाच्या सोळा दिवस कुठंही न तुटता होणार. अकरा दिवस देवळात आणि उरलेले पाच शाळा सुटल्यावर धावतपळत, असं वाटलं होतं. माझ्या आठवणीत असं पहिल्यांदाच.

काल आमच्या पहिलीच्या बाई सर्व्हे करत गल्लीत आल्या. घराच्या वीजमीटरवरचा सर्व्हेचा स्टिकर बघायचा, साठ प्रश्न विचारायचे, मोबाईलला रेंज येईपर्यंत जिन्यावर उभं राहायचं. चार घरं करून दमून देवळाच्या पायरीवर बसल्या. पोरींनी हात धरून फेरात ओढल्या. बाईंनी मोबाईल माझ्याकडं दिला. सर्व्हरवर फॉर्म चढत होता, मी तो सांभाळत उभा.

---

शहापूरची_सून | ८ ऑक्टोबर, सकाळी ९:३०

आमची शाळा खासगी, आज भरली. मुलगी रडत गेली.

---

रताळी_घ्या_रताळी | ८ ऑक्टोबर, दुपारी २:२०

हादगा पुरा होतोय हे झकास. पण दुसरी बाजू पण लिहा. रविवार सोडून दहा दिवस बिसियूट, म्हणजे शाळेतलं दुपारचं जेवण, नाही. सकाळचं दूध नाही, अंडं-केळं नाही. ज्यांच्या घरात दोघंही मजुरीला जातात त्यांची पोरं दुपारी काय खातात ते मी बघूलालोय. आमच्या शेताच्या बांधावर येऊन बसतात. त्यांना हाकलणार कोण? भाजलेली रताळी देतो.

---

पाटी_पेन्सिल | ८ ऑक्टोबर, संध्या. ६:००

हे खरं आहे. पटावरची पोरं कमी होतात म्हणून सगळे ओरडतात, पण जी उरली आहेत ती कुणाची आहेत हे फार कमी लोक बघतात. बिसियूट सुरू व्हायच्या आधीची शाळा मी पाहिली आहे. दुपारच्या सुट्टीत घरी गेलेलं पोर परत यायचंच असं नाही. आता दुपारनंतर वर्ग भरलेला असतो, त्यात शिकवण्याचा वाटा किती आणि सांबारभाताचा किती, हे मला विचारू नका.

तांबडी_माती, समितीत आहात तर खिरापतीचा डबा थोडा मोठा ठेवायला सांगा.

---

तांबडी_माती | ८ ऑक्टोबर, रात्री ९:१०

गुरुजी, सांगितलं. आजपासून खिरापत म्हणजे फक्त चमचाभर हातावर नाही. आज पोह्यांचं घमेलंच होतं. ओळखायला घमेलं हलवता येत नाही, म्हणून पोरांचे डोळे बांधून वास दिला!

अज्जींच्या दिवसाचं लिहायचं राहिलं. डबा हलवला, आवाजच नाही. लाडू? नाही. शिरा? नाही. वड्या? नाही. अर्धा तास गेला. शेवटी अज्जींनी उघडून दाखवली, शेंगाहोळगी, म्हणजे शेंगदाण्याची पोळी. एकावर एक घट्ट रचलेली, हलणार कशी! ज्या पोरांना फेरात घेतलं नव्हतं ती देवळाच्या भिंतीवर बसून "शेंगाहोळगी, शेंगाहोळगी" ओरडत होती, पण ती फितुरी होती. अज्जींचा नातू त्यांच्यातच.

---

चंदगडी_फणस | २४ ऑक्टोबर, सकाळी १०:००

किल्ल्याचं काय झालं? माझा मोठा विचारतोय. या वर्षी मावसभाऊ आधीपासून घरी, तरी भांडण झालंच. कारण वेगळं: दरवाजा कुठल्या दिशेला.

---

तांबडी_माती | २६ ऑक्टोबर, रात्री ९:५०

उशीर झाला, सुगीची गडबड. भात कापायला आलंय आणि ढग जात नाहीत.

किल्ला झाला. वाढलेल्या सुट्टीत पोरांनी शाळेच्या मैदानातल्या कोपऱ्यात केला, राजहंसगडच. दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर रविवारी बारा पोरांना घेऊन गडावर गेलो होतो. तटाची पावलं मोजली, प्रत्येकाची वेगळी आली. पहिलीतला माझा पोरगा ४०० म्हणतो, सातवीतला १८०. मग गणिताचा वाद, की पाऊल कुणाचं धरायचं. हा धडा कुठल्या पुस्तकात असता तर पोरं झोपली असती.

माती तांबडी, दगड ओढ्यातले, मावळे खानापूरहून आणलेले. वर महाराज. पायथ्याला पोरांनी स्वतःच्या मनानं आमची शाळा केली, काडेपेटीची, तिच्यावर झेंडा. आणि शाळेसमोर बिसियूटची मावशी, मातीची, हातात पळी. मावळ्यांपेक्षा मोठी झालीय. मापात बसत नाही म्हटलं तर पोरं म्हणाली, "मावशी मोठीच आहे."

२३ला, म्हणजे भाऊबीजेला शाळा भरली. आपल्याकडे भाऊबीजेची सुट्टी नाही. पोरी ओवाळायला घरी, वर्गात अर्धे बाक रिकामे. हेडमास्तरांनी आलेल्यांना किल्ल्याजवळ बसवून तिथंच हजेरी घेतली. चुकलेले दिवस जादा तास घेऊन भरून काढायचेत, शनिवारी दुपारीही शाळा असणार असं ऐकतोय. सुगीत शनिवारी दुपारी पोर शाळेत कोण पाठवणार, ते समितीनं बघायचं म्हणे. म्हणजे मी.

---

निपाणीकर_नाना | २६ ऑक्टोबर, रात्री १०:३०

मावशीचा फोटो टाका. महाराजांचे खूप बघितलेत.

---

खिरापत_ओळखा | २ नोव्हेंबर, दुपारी १२:१५

काल १ तारीख. सकाळी शाळेत कर्नाटक राज्योत्सवाचं झेंडावंदन आणि त्याच सकाळी घरातले थोरले सीमाभागातल्या मराठी लोकांच्या काळ्या दिनाच्या फेरीला. लहानपणी मला हे दोन्ही एकाच दिवशी का, ते कुणी समजावून सांगितलंच नाही. मी झेंडावंदनाची चॉकलेटं खिशात घालून बाबांच्या सायकलवर पुढं बसायचे. संपादक, हे भांडण नाही हां, आठवण आहे. उडवू नका.

---

संपादक | २ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

ठेवली आहे.

---

तांबडी_माती | १५ नोव्हेंबर, संध्या. ७:२०

शेवटची बातमी. काल बालदिनाला शाळेत पालकांना बोलावलं होतं. भात मळायला आल्यामुळं बाप एकटा मीच, आया मात्र बऱ्याच. पोरींनी हादग्यातली चार गाणी म्हटली, त्यातली दोन गुरुजींच्या पत्नींनी फोनवर शिकवलेली. (काकूंना सांगा, चाल आमच्या पोरींनी थोडी बदललीय.) किल्ल्यावरची मोहरी वाळून गेली, बुरूज एका बाजूनं ढासळला, पण मोडायचा नाही असं पोरांनी ठरवलंय. गुरं आत येऊ नयेत म्हणून आता कंपाउंडवर पोरंच पाळीनं बसतात. माझं काम गेलं.

हत्तींचं चित्र काढून शाळेच्या पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलं. पुढच्या वर्षासाठी. उंदीर फार आहेत, म्हणून डांबरगोळ्या टाकल्यात.

---

खिरापत_ओळखा | १५ नोव्हेंबर, संध्या. ७:४५

दादा, डांबरगोळ्या आत्ताच्या आत्ता काढा! पहिलीतलं कुणीतरी पेपरमिंट समजून तोंडात घालेल. कडुलिंबाचा पाला घाला.

---

तांबडी_माती | १५ नोव्हेंबर, संध्या. ७:५२

जाऊलालो. किल्ली हेडमास्तरांकडं आहे.